सीटखालची डबी

मगदूम डॉक्टरीणबाईंनी गाडी दारात लावली.
हातावर अजून आयोडिनचा डाग,
रात्री अंकलखोपात कुणाची म्हैस अडली होती.
"जैनुद्दीन, हा दिवा बघ. विझेना झालाय."

घसरणाऱ्या गाडीचं चित्र, मागं दोन नागमोडी रेघा.
लुकलुकला तर ती कामात असते, मी म्हणालो,
पेटूनच राहिला तर रुसलेली.

मग बाई सांगत्या झाल्या.
भिलवडीच्या अलीकडं, डावं वळण,
उसाच्या ट्रॉल्यांनी रानातनं आणलेला चिखल,
त्यावर पाचट, त्यावर दहिवर.
मागची चाकं उजवीकडं निघाली, कालव्याकडं.
"आणि खालनं कायतरी करकरलं.
ब्रेकला मी पाय लावलाच नव्हता, जैनुद्दीन.
गाडी आपली आपण सरळ झाली."

जॅक लावतो. बोलत बोलत चाक काढतो.

हे बघा, चाकाशी दातेरी कडं,
शेजारी बोटाएवढा सेन्सर, दाते मोजत बसलेला.
असे चार.
पाचवा स्टेअरिंगच्या दांड्यावर,
त्याला एवढंच ठाऊक, बाईंना जायचंय कुठं.
आणि दोन सीटच्या मधी, मॅटखाली, एक डबी,
तिला एवढंच कळतं, गाडी निघालीय कुठं.
ह्या दोघांचं पटतंय का,
डोळ्याचं पातं लवायच्या आत कितीदा तरी विचारायचं.
रात्री त्या वळणावर नाही पटलं.

"पण ब्रेक मारला कुणी?"

ट्रॅक्टर बघता की रोज.
उजव्या पायाखाली दोन पेडलं, रस्त्यावर कडी घालून जोडलेली.
रानात कडी काढायची.
बांध आला की एकटं डावं दाबायचं,
डावं चाक थांबतं, उजवं चालत राहतं,
आख्खं धूड थांबलेल्या चाकाभोवती वळतं.
तुमच्या गाडीला पेडल एक, चारी चाकांना एकच हुकूम.
कडी काढणार कोण?
ती डबीनं काढली.
पुढचं उजवं चाक तेवढं धरलं,
सोडलं, धरलं, सोडलं,
करकर ती हीच,
आणि इंजिनाला म्हणाली, तू जरा गप.
डावीकडं जास्त फिरलेलं नाक
धरलेल्या चाकानं परत रस्त्यावर ओढलं.

बाहेर जुन्या टायरवर अब्बा बसलेत.
तीस वर्षं सांगलीची हळद ट्रकनं देशभर नेली.
"गाडी डोळ्याला न्हाई, बुडाला कळती," म्हणायचे,
आणि मी लाजायचो, गिऱ्हाइकं असायची.
आता कंपनीनं नेमकी तिथंच डबी बसवलीय.

मागच्या डाव्या चाकाला पाचटाचा वेढा,
त्यात सेन्सरची वायर ताणून तुटलेली.
बाईंना वाचवलं, मग तुटली.
किंवा तोडायला तेवढीच सवड मिळाली.

वायर जोडता जोडता सांगून टाकतो,
मळीच्या रानात रुतलात तर हे बटण दाबा, बंद करा हिला.
चिखलात चाकाला थोडं रिकामं फिरू द्यावं लागतं,
ही प्रत्येक वेळी त्याचा गळा धरते.
बाहेर आलात की परत चालू. विसरायचं नाही.
आणि टायर बदला, बाई.
गुळगुळीत टायरला ती नखं कुठनं आणणार?

"काय केलं रं त्या डबीनं?" बाहेरनं अब्बा.
सगळं सांगितलं, ट्रॅक्टरच्या कडीसकट.
ऐकून घेतलं. तोंडातली सुपारी एका गालातनं दुसऱ्या गालात.
"बरं केलं. पर गळिताच्या दिसात
त्या वळणाला साठनं येतंय कोण?"

बाईंनी मान खाली घातली.
"म्हैस अडली होती, चाचा."

अब्बा टायरवर थोडे सरकले.
मी किल्ली फिरवली. दिवा पेटला,
एक, दोन, तीन,
गेला.

"मग?" अब्बा म्हणाले.
"रेडी झाली," बाई म्हणाल्या.